पंगतीतून मिळणारी सनद

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील कोलाहलातून एका अरुंद बोळात शिरले की माणूस टेंपलच्या आवारात येतो आणि रहदारीचा आवाज एकाएकी मागे पडतो. दगडी चौक, हिरवळ, सायंकाळी आजही पेटणारे गॅसचे दिवे, टेंपलर धर्मयोद्ध्यांचे ११८५ मधील वर्तुळाकार चर्च, हे सारे पाहून भारतीय प्रवासी भारावतो. त्यात वावगे काही नाही. मात्र हे आवार म्हणजे एका व्यवसायाची वेसही आहे. ती कोणासाठी उघडली आणि कोणासाठी मिटली, हे पाहिल्यावाचून ही भेट पुरी होत नाही.

इनर टेंपल, मिडल टेंपल, लिंकन्स इन व ग्रेज इन या चार संस्थांखेरीज इंग्लंडमध्ये कोणालाही बॅरिस्टरची सनद देता येत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा मध्ययुगीन श्रेणींचाच मक्ता होय. अशा मक्त्यांवर ॲडम स्मिथने १७७६ मध्येच कोरडे ओढले होते. वकिलांच्या या श्रेणी मात्र टिकल्या. सनदेसाठी परीक्षेइतकीच सहभोजनांतील हजेरी आवश्यक असे. इनर टेंपलमध्ये शिकणाऱ्या गांधीजींना प्रत्येक जण आपल्या टेबलावर बोलावी, कारण त्यांच्या वाट्याचे मद्य इतरांना मिळे!

पण पंगतीत पान मांडणाऱ्याला ते उचलताही येते. परीक्षा उत्तीर्ण होऊनही सावरकरांना ग्रेज इनने १९०९ मध्ये सनद नाकारली. राजद्रोहाच्या शिक्षेनंतर १९२२ मध्ये इनर टेंपलने गांधीजींचे नाव पटावरून काढले. ते पुन्हा चढले १९८८ मध्ये, मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु स्त्रियांची बंदी १९१९ च्या कायद्याने उठेपर्यंत हे दार बंदच होते. त्यांना सनद मिळाली ती १९२३ मध्ये.

आणि तरीही, ज्या १९२२ साली गांधीजींचे नाव गेले त्याच वर्षी ग्रेज इनने डॉ. आंबेडकरांना सनद दिली. मायदेशी ज्यांच्या समाजाला पंगतीत स्थान नव्हते, त्यांना येथे पंगतीचा अधिकार मिळाला. याचे श्रेय या संस्थेला दिलेच पाहिजे. मात्र प्रवेशाची किंमत विसरता येत नाही. शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून, पैसा जमवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. जातीचा अडसर तेथे नव्हता, पैशाचा होता.

तो आजही आहे. काही भोजनांची जागा आता व्याख्यानांनी घेतली आहे. पण बॅरिस्टरच्या प्रशिक्षणाचा खर्च दहा हजार पौंडांच्या वर जातो आणि त्यानंतर लागणाऱ्या उमेदवारीच्या जागा अर्जदारांहून कितीतरी कमी. संस्था स्वनिधीतून शिष्यवृत्त्या देतात हे खरे, परंतु त्या सर्वांना पुरत नाहीत. भारताने १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने वकिलांचा एकच वर्ग केला. आपल्याकडे नवोदित वकिलाची पहिली काही वर्षे कोणाच्या पैशावर निघतात, हा प्रश्न मात्र त्या कायद्याने सुटलेला नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतलेले किंग हेन्रीज रोडवरील आंबेडकरांचे निवासस्थान पाहणाऱ्याने ग्रेज इनकडेही वाट वाकडी करावी. तेथील जुने भोजनगृह १९४१ च्या बाँबवर्षावात जळाले व नंतर पुन्हा उभारले गेले. आवारातील एका दालनाला २०२१ मध्ये आंबेडकरांचे नाव देण्यात आले आहे.