भाव करावा, पण कोणाशी?

भगिनींनो, रोजच्या वापराचे सगळे आमच्या देवरुखात मिळते. पण घरात लग्न निघाले की रत्नागिरी नाहीतर कोल्हापूर गाठल्याशिवाय कोणाचे समाधान होत नाही. गेल्या डिसेंबरात भाचीच्या लग्नाच्या खरेदीसाठी मी आणि सासूबाई एका दिवसात कोल्हापूरला जाऊन आलो. त्या दिवसाची एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. ती माझ्या बाजूची नाही, तरी सांगते.

सासूबाईंना शहात्तरावे वर्ष लागले आहे. पूर्वी दोघींनी जायचे म्हटले की तिकिटाच्या पैशात एक पातळ येईल असा हिशेब निघायचा आणि मी एकटीच जायचे. पण ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. म्हणून या वेळी मीच म्हटले, ‘आई, तुम्ही पण चला.’ त्या आदल्या रात्रीच इस्त्रीचे लुगडे उशाशी काढून झोपल्या.

पहाटेची गाडी धरली. साखरपा, आंबा घाट, मलकापूर, बांबवडे असा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. जाताना घाटात धुके आणि काळोख होता, त्यात दोघींना डुलकी लागली. जागे झालो तेव्हा दोन्ही बाजूंना ऊस होता आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्यांमागे आमची गाडी हळूहळू चालली होती. कुठे तरी गुऱ्हाळ पेटले असावे. काकवीचा वास खिडकीतून आत आला आणि सासूबाई म्हणाल्या, ‘आलं गो कोल्हापूर.’

महाद्वार रोड ते चप्पल लाइन

आधी महाद्वार रोडला साड्या पाहिल्या. एका मोठ्या दुकानात शिरलो. काचेचे दार, आत गार हवा, भिंतीवर ‘एकच भाव’ अशी पाटी. विक्रेत्याने लग्न म्हटल्याबरोबर हिरवे-पिवळे शालू पुढे टाकले. आम्हाला नवरीसाठी पांढरी साडी हवी आहे हे त्याला दोनदा सांगावे लागले. शेवटी मनासारखी मिळाली, चोवीसशे रुपयांना. मानाच्या आणखी चार साड्या घेतल्या. बिल हातात आले, मी पैसे मोजून दिले. एक रुपयाही कमी करा म्हणाले नाही. पाटीच होती ना तशी! बाहेर पडताना विक्रेत्याने कापडी पिशवी दिली तर मला उगीच मोठे झाल्यासारखे वाटले.

मग गूळ आणि कांदा-लसूण मसाला घेतला, आणि भाऊसिंगजी रोडला चहा प्यायला बसलो. कप हातात घेऊन सासूबाईंनी मला गंगाराम कांबळे यांची गोष्ट सांगितली. मामंजी असताना त्या ती त्यांच्या तोंडून ऐकत. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मार बसला. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. त्यांनी याच रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. पण त्यांच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा पिऊ लागले, आपल्याबरोबरच्यांनाही पाजू लागले. ‘राजाला काय चहा मिळत नव्हता वाड्यात?’ सासूबाई म्हणाल्या, ‘पण कोणाकडनं घ्यायचं, हे राजाला कळत होतं.’ मी हं हं केले. माझे लक्ष घड्याळाकडे होते. परतीची गाडी साडेतीनची होती आणि आमच्या ह्यांच्यासाठी चपला घ्यायच्या राहिल्या होत्या.

भवानी मंडपाजवळ चप्पल लाइन आहे, तिथे गेलो. बहुतेक दुकानांत माणसे नुसती विकायला बसलेली. एका लहानशा दुकानात मात्र साठीचे एक गृहस्थ दारातच मांडी घालून चामड्याच्या वादीने टाके घालत होते. त्यांनी कानाची, करकर वाजणारी एक जोडी काढून दिली. किंमत बाराशे.

‘बाराशे? काहीतरीच काय! आठशेला द्या.’

‘ताई, हाताचं काम हाय. एक खिळा न्हाई ह्यात. हात फिरवून तर बघा.’

‘पलीकडे पाचशेला मिळतायत.’

‘ती रेक्झिनची, ताई. पाऊसभर बी टिकत न्हाईत.’

मी दोन पावले दुकानाबाहेर पडले. ही युक्ती आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी हाक मारली. साडेआठशेला सौदा झाला. जोडी कागदात गुंडाळताना त्यांनी वर पाहिले नाही. मी मात्र खूश होते. साडेतीनशे रुपये वाचवले! सासूबाई बाजूच्या बाकड्यावर बसून होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

घाटातली संध्याकाळ

साडेतीनची गाडी वेळेवर सुटली. पंचगंगेचा पूल मागे पडला, जोतिबाचा डोंगर दिसला, वाघबिळापाशी पन्हाळ्याचा फाटा गेला. पिशव्या पायाशी, खिडकीतून ऊन अंगावर, हातात शेंगांची पुडी. बायकांना असा दिवस किती वेळा मिळतो? बांबवड्याच्या पुढे ऊस विरळ होत गेला, मलकापूरनंतर झाडी वाढली, हवा गार झाली. रस्त्याच्या चौपदरीकरणासाठी जागोजागी डोंगर फोडलेला दिसत होता. मग आंबा गाव आले आणि गाडी घाटाच्या तोंडाशी लागली.

साडेपाच वाजून गेले होते. समोर सगळा कोकण उघडा पडला होता. एकामागे एक डोंगराच्या रांगा, जवळची हिरवी, त्यामागची निळी, शेवटची धुरकट. उतारांवरचे वाळलेले गवत उन्हाने सोनेरी झालेले. सूर्य अगदी समोर, प्रत्येक वळणाला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मी सासूबाईंना म्हटले, ‘आई, बघा किती छान दिसतंय!’

त्या बघत होत्याच. पण त्या म्हणाल्या, ‘मला ह्या वेळेची भीती वाटायची गो.’

मी विचारले, का? तेव्हा त्यांनी सांगितले. त्यांची आई डोंगरातून लाकडाची मोळी बांधून बाजाराला आणायची. पहाटे निघायची, लेकीला बरोबर घेऊन. सकाळी मोळीचा एक भाव असे. गिऱ्हाईक यायचे, भाव विचारायचे, नाक मुरडून पुढे जायचे. बाजारातच थांबून राहायचे, पण घ्यायचे नाही. सूर्य असा खाली आला की तेच गिऱ्हाईक परत यायचे आणि अर्ध्याने मागायचे. त्यांना ठाऊक असे, ही बाई मोळी परत डोंगरावर नेणार नाही. घरी चूल पेटायची तर पीठ विकत न्यायला हवे, आणि पीठवाला भाव कमी करत नाही.

‘माझी आई मुकाट द्यायची,’ सासूबाई म्हणाल्या. ‘पैसे घेताना वर बघायची नाही. आज त्या चपलावाल्याने पण वर बघितलं नाही.’

गाडी वळणे घेत उतरत होती. माझ्या मांडीवर ती कागदाची पुडी होती. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, ‘साडीवाल्यापुढं तुझं तोंड उघडलं नाही. तिथं गार हवा होती, पाटी होती. आणि हा खाली बसलेला, म्हणून त्याच्याशी भाव केलास. चारचौघांत सुनेला काय बोलायचं, म्हणून गप बसले.’

भगिनींनो, त्यावर मला उत्तर सुचले नाही. आपल्या घरात चळवळीची पुस्तके आहेत, भिंतीवर तसबिरी आहेत. पण मी खाली बसलेल्या माणसाची किंमत त्याच्या बसण्यावरून ठरवली होती. साखरप्याला गाडी थांबली तेव्हा काळोख झाला होता. देवरुखपर्यंत दोघी गप्पच होतो.

साडेतीनशे रुपये कोणाचे?

फेब्रुवारीत उरलेल्या खरेदीसाठी आम्ही दोघी पुन्हा गेलो. या वेळी आधी चप्पल लाइनला गेलो. त्या गृहस्थांनी मला ओळखले नाही. मी झालेली गोष्ट सांगून साडेतीनशे रुपये पुढे केले, तर ते हसले आणि म्हणाले, ‘तवा सौदा झाला तो झाला, ताई. उगीच पैसे कशाला घेऊ?’ काही केल्या घेईनात. मग आम्ही आणखी दोन जोड्या घेतल्या, त्यांनी सांगितलेल्या भावाने. त्यांनी चहा मागवला. सासूबाईंशी त्यांचे चांगले जमले.

चहा पिताना मी त्यांना कामाबद्दल विचारले. कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले असते. तळ, टाच, पट्टा, अंगठा, कान हे कापून वादीनेच शिवायचे. त्यांच्या घरात वरची वेणी त्यांची पत्नी आणि सून घालतात. एका जोडीला घरातल्या माणसांचे मिळून दोन दिवस जातात. तेव्हा मला हिशेब कळला. कातडेवाला त्यांना पैसे कमी करून देत नाही. दुकानाचे भाडे कमी होत नाही. मग मी कापलेले साडेतीनशे कुठून गेले? त्यांच्या दोन दिवसांच्या मजुरीतून, आणि जिला मी पाहिलेही नाही त्या सुनेच्या बोटांतून.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांच्या कारागिरांचे आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीने मिलान शहरातल्या प्रदर्शनात अशाच चपला मांडल्या. मूळ कोणाचे, हे आधी सांगितले नाही. इकडे ओरड झाल्यावर मग कबूल केले. आपल्याला तेव्हा राग आला, आणि तो बरोबरच होता. पण त्याच कारागिराच्या दारात आपण दोन पावले मागे फिरतो, त्याचे काय?

भाव करूच नये असे माझे म्हणणे नाही. पर्यटक पाहून दुप्पट किंमत सांगणारे आहेत, रेक्झिनला चामडे म्हणून विकणारेही आहेत. तिथे जरूर भाव करावा. म्हणून घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. टाके वादीचे आहेत की दोऱ्याचे, खिळे आहेत का, चामड्याला स्वतःचा वास आहे की नाही. आणि ‘हे कोणी केले?’ असे सरळ विचारावे. करणारा समोर असेल तर तो आनंदाने सांगतो. चपला घरी आणल्यावर पहिले काही दिवस तेलाचा हात द्यावा आणि पावसात घालू नयेत, म्हणजे त्या बरीच वर्षे चालतात.

एवढे करून हात भाव कापायला उचलला जाईल, तेव्हा आधी मनाला विचारावे: हेच मी काचेच्या दारामागे बोलले असते का?

त्या दुसऱ्या फेरीत परत येताना घाटात पुन्हा संध्याकाळ झाली. सूर्य तसाच समोर होता. सासूबाईंच्या पायांत नव्या चपला होत्या. वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्यांची ही पहिली कोल्हापुरी जोडी. मी विचारले, ‘चावतात का, आई?’

‘चावू देत थोड्या,’ त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. ‘पुऱ्या पैशांच्या आहेत.’