हाताला गुण आहे म्हणे!



"त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे हो!" आमच्या बारामती-इंदापूर भागात ऑपरेशनचा विषय निघाला की हे वाक्य आलंच. एसटीत, किराणा दुकानात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. गंमत अशी की, हे सांगणाऱ्याने तो हात काम करताना कधीच पाहिलेला नसतो. पेशंट भुलीखाली आणि नातेवाईक दाराबाहेर. आपण पाहतो ते डॉक्टरांचं बोलणं, दवाखान्याची स्वच्छता आणि शेवटी बिल. मत मात्र देतो ते हाताबद्दल!

सध्या हा विषय आमच्या घरातच चालू आहे. माझे धाकटे दीर इंदापूरला असतात. त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले आहेत आणि पुढच्या महिन्यात दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं आहे. कुठं करायचं, यावर घरात तट पडलेत. जाऊबाईंचं माहेर अकलूजचं, त्या अकलूजचं नाव घेतात. पुतण्या म्हणतो पुणे. भाऊजी स्वतः म्हणतात बारामती, कारण वहिनीच्या हातची मऊ खिचडी वेळेवर येईल! प्रत्येकाकडे गुण असलेला एकेक हात आहे. पुरावा कुणाकडेच नाही.

या वादावादीत माझ्या नातीने एक नवी गोष्ट सांगितली. ती एमबीबीएसला आहे. माझं बीए मराठी माध्यमातलं, त्यामुळे तिला सगळं मराठीत फोडून सांगावं लागलं. ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

अमेरिकेत सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तिथल्या डॉक्टरांनी एक प्रयोग केला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. यंत्रमानवाच्या हातांनी टाके घालण्याचा एक छोटा व्हिडिओ त्यांनी इंटरनेटवर शेकडो सामान्य माणसांना दाखवला. ही माणसं डॉक्टर नव्हती. ॲमेझॉन कंपनीची एक सोय आहे, तिथं घरबसल्या अशी किरकोळ कामं थोड्या पैशांत करता येतात. ती करणाऱ्यांत अमेरिकनांच्या खालोखाल आपले भारतीय असतात म्हणे. या लोकांना तीन गोष्टींना गुण द्यायला सांगितले: खोलीचा अंदाज, दोन्ही हातांचा मेळ आणि कमीत कमी हालचालींत काम उरकणं. प्रत्येकी पाच, एकूण पंधरा. नीट लक्ष न देणाऱ्यांची उत्तरं बाजूला काढली. तोच व्हिडिओ अनुभवी सर्जननाही दिला. आणि दोन्हीकडची सरासरी जवळजवळ सारखी आली! शिवाय गर्दीची उत्तरं झटपट आली. सर्जन मंडळी पडली कामाची माणसं, त्यांच्या मागे लागावं लागलं. पुढे यातून सी-सॅट्स नावाची कंपनी निघाली आणि २०१८ साली ती जॉन्सन अँड जॉन्सनने घेतली.

आमच्या घरातल्या पुरुष मंडळींनी हे ऐकून कपाळाला हात लावला. "उद्या बाजारातली माणसं सर्जनला मार्क देणार का?" मला मात्र फारसं नवल वाटलं नाही. यात्रेतल्या कुस्तीचा फड आठवा. आखाड्यात कधीही न उतरलेला माणूससुद्धा मल्लाची हालचाल पाहून ओळखतो की, गडी तयारीचा आहे. शाळेत पाठांतराच्या स्पर्धेत मागच्या बाकावरच्या पोरांनाही कळायचं, कोण अडखळतंय आणि कोण सहज म्हणतंय. सफाई ओळखायला ती स्वतःच्या अंगात असावी लागत नाही.

दुसरं कारण आम्हा शिक्षकांच्या चांगलं परिचयाचं आहे. बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक परीक्षक कंजूष असतो, एक सढळ. एकाच्या हाती मुलाचं नशीब गेलं की अन्याय होऊ शकतो. पन्नास जणांनी तपासलं तर कंजूषपणा आणि सढळपणा एकमेकांत जिरून जातो.

पण हाताच्या सफाईने पेशंटला खरंच फरक पडतो का? पडतो. अमेरिकेतल्याच मिशिगन राज्यात २० सर्जननी वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा आपापला एकेक व्हिडिओ दिला. इतर सर्जननी, हा हात कोणाचा हे माहीत नसताना, त्यांना गुण दिले. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांत कमी गुण मिळालेल्या पाव भागाच्या पेशंटांत १४.५ टक्के जणांना ऑपरेशननंतर काही ना काही गुंतागुंत झाली. सर्वांत वरच्या पाव भागाच्या पेशंटांत ५.२ टक्के. जवळजवळ तिप्पट फरक! हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. आपण दवाखाना निवडताना डॉक्टरांच्या नावामागच्या पदव्या मोजतो. या वीसही जणांकडे पदव्या होत्याच की.

म्हणजे पाहा, आपल्याकडे नाव माहीत असतं आणि हात दिसत नाही. तिकडे हात दाखवतात आणि नाव झाकतात. मला तिकडची रीत जास्त न्यायाची वाटते. बोर्डसुद्धा उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव ठेवत नाही ते याचसाठी.

हात दिसणं शक्य झालं ते दुर्बिणीमुळे. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी भारतातलं दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन केलं. तोवर पोटात काय चाललंय ते सर्जनला आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या एकदोघांनाच दिसे. आता सर्जन जे पडद्यावर पाहतो तेच खोलीतले सगळे पाहतात. ते साठवून ठेवलं की कुणालाही, कितीही वेळा दाखवता येतं.

दुसऱ्याचा हात पाहून शिकण्याची एक मोठी गोष्ट तर आपल्या पुण्याकडचीच आहे. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा गाडीवान होता. टिपूच्या सैनिकांनी त्याचं नाक कापलं. पुण्याजवळ एका विटा-मातीचं काम करणाऱ्या जातीच्या कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी फिरवून नवीन नाक बसवलं. आधी मेणाच्या पातळ पत्र्याने माप घेतलं, मग ते कपाळावर पसरून कातडी आखली. ते पाहणाऱ्या इंग्रजांकडून ही हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या सामान्य वाचकांच्या मासिकात छापून आली. त्या माहितीवरून अभ्यास करून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कारागिराने लपवून काम केलं असतं तर ती विद्या त्याच्या घराण्याबाहेर गेली असती का? आणि त्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही, याचं वाईट वाटतं.

आता दुसरी बाजू. गर्दीला हालचाल कळते, निर्णय कळत नाही. ऑपरेशन मुळात करायचं की नाही, पित्ताशयाला चिकटलेली नळी कापायची ती हीच का, अडचण दिसली तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडायचं का, हे जाणकारालाच समजतं. सफाईदार हाताने चुकीची नळी कापली, तर बघणारे कदाचित पंधरापैकी पंधरा देतील! कुस्तीचा फड टाळ्या वाजवतो, पण निकाल पंच देतो. म्हणून माझं मत असं की, पास-नापास, पदवी आणि परवाना हे काम गर्दीकडे कधीच जाऊ नये. परीक्षकांवर जसा नियामक, तसा इथेही वर तज्ज्ञ हवाच.

गर्दीचा खरा उपयोग शिकवण्यात आहे. डॉ. अतुल गावंडे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, मुलगा बोस्टनचा नामांकित सर्जन. त्यांनी २०११ साली एका लेखात लिहिलं की, इतकी वर्षं ऑपरेशनं केल्यावर त्यांनी आपल्या निवृत्त गुरूंना बोलावून कोपऱ्यात उभं केलं आणि आपलं काम पाहायला लावलं. गुरूंनी दाखवलं की कोपर मधूनमधून वर उचललं जातं, आणि दिव्याचा झोत जखमेवरून सरकलेला असतो. स्वतःला न दिसणाऱ्या गोष्टी! पण असे गुरू किती जणांच्या वाट्याला येतात?

म्हणूनच मला बारामतीचा विचार येतो. इथं २०१९ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच वर्षी देशभर एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, त्यात प्रत्यक्ष कौशल्यांवर भर आहे. मुलगा रबराच्या गादीवर टाके घालायला शिकतो, तेव्हा त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढावा, नाव-चेहरा झाकावा आणि पन्नास जणांना दाखवावा. "तुझा डावा हात नुसता बसून असतो" एवढं जरी त्याला दुसऱ्या दिवशी कळलं तरी पुष्कळ. प्राध्यापकांचा वेळ मग निर्णय कसा घ्यावा हे शिकवायला राहील. सुश्रुतानेसुद्धा शिष्यांना आधी भोपळ्यावर चिरा द्यायला आणि कापडावर टाके घालायला लावलं होतं. माणसाच्या अंगावर शिकू नये, हे शहाणपण जुनंच आहे.

अटी माझ्या तीन. पेशंटच्या ऑपरेशनचा व्हिडिओ असेल तर त्याची लेखी संमती हवी, तीही समजावून मराठीत घेतलेली. गुण शिकणाऱ्याला आणि त्याच्या शिक्षकांनाच कळावेत, इंदापूर रस्त्याच्या फ्लेक्सवर "लोकांचे १५ पैकी १५" असं झळकू नये. आणि पाहणाऱ्यांना रास्त मोबदला मिळावा, कारण लक्ष देऊन पाहणं हेही श्रमच आहेत.

भाऊजींचं ऑपरेशन यातलं काही येण्याआधीच होईल. व्हिडिओ काही कुणी आम्हाला दाखवणार नाही, आणि दाखवला तरी नळी कुठली ते मला थोडंच कळणार? पण डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी वहीत लिहून दिले आहेत. अशी ऑपरेशनं तुम्ही किती केलीत? किती वेळा पोट उघडावं लागलं? तुमचं काम दुसरं कोणी जाणकार पाहतं का? भाऊजी संकोचतात. "डॉक्टरांना असं कसं विचारायचं?" म्हणतात. मी म्हटलं, ट्रॅक्टर घेताना दहा गावं हिंडलात, शंभर प्रश्न विचारलेत. हे तर तुमचं स्वतःचं पोट आहे!

असो. लांबलं जरा. आपल्या नात्यात आणि वाचकांत डॉक्टर मंडळी पुष्कळ आहेत. त्यांनी रागावू नये, पण एका प्रश्नाचं उत्तर जरूर द्यावं: शिक्षण संपल्यावर तुमचा हात शेवटचा कोणी पाहिला?