बंदी नव्हे, विवेक हवा

'थॉर'सारख्या (२०११) सुपरहिरोपटांत नॉर्स देवता नायक होते. एकेश्वरवादी ख्रिस्ती घरांत त्यामुळे प्रश्न उभा राहतो : मुलांनी हे पाहावे काय? काही कर्मठ प्रॉटेस्टंटांना यात दहा आज्ञांपैकी पहिल्याच आज्ञेचा भंग दिसतो. कॅथलिक चर्चची भूमिका वेगळी आहे. १९३६ मध्ये पोप पायस अकरावे यांनी अनैतिक चित्रपटांविरुद्ध इशारा दिला. मात्र या माध्यमाचे सामर्थ्य सत्कार्यी लागू शकते, हेही मान्य केले. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने निवडीची जबाबदारी प्रेक्षक व पालकांवर सोपविली. गोव्यात २००६ मध्ये 'द दा विंची कोड'वर बंदी आली, तेव्हा वाद ख्रिस्तचरित्राचा होता. सुपरहिरोंचा प्रश्न बंदीने सुटणारा नाही. परार्थ त्याग कोणता आणि सूड कोणता, हे मुलांना घरातच उमगावे लागेल.