पगार सगळ्यांनी वाचला, तास कुणी वाचले?

२०२३ च्या ऑगस्टमधली एक बातमी आठवतेय? अमेरिकेत पार्सल पोचवणाऱ्या ड्रायव्हरला वर्षाला १ लाख ७० हजार डॉलर! जगभर फिरली. मग नेहमीचं सुरू झालं: उगाच इंजिनीअरिंग केलं, आपणही टेम्पो चालवायला हवा होता, वगैरे.

कंपनी यूपीएस. (बॅटरीवालं नव्हे, तपकिरी गाड्यांमधून पार्सलं पोचवणारी.) आकडा खरा होता, पण अर्धाच सांगितला गेला. तो कंपनीच्या प्रमुखांनीच दिलेला, पाच वर्षांच्या कराराच्या शेवटी पूर्णवेळ ड्रायव्हरला सरासरी किती पडेल याचा, आणि त्यात आरोग्यविमा, पेन्शन सगळं धरलेलं. हातात येणारा पगार नव्हे.

पण माझी तक्रार वेगळी आहे. पगाराचा आकडा सगळ्यांनी वाचला. तासांची कलमं कुणीच वाचली नाहीत. आणि ड्रायव्हरचं आयुष्य तासांत जातं.

टीमस्टर्स ही तिथली युनियन. २०२३ मध्ये यूपीएसमधले सुमारे ३ लाख ४० हजार कामगार या करारात येत होते. २०२३ मध्ये त्यांनी जे मिळवलं त्यात एक साधी गोष्ट होती: सुट्टीच्या दिवशी ड्रायव्हरला जबरदस्तीनं कामावर बोलवायचं नाही. 'माल जास्त आलाय, शनिवारी ये' हे बंद. ये म्हणता येईल, पण नाही म्हणायचा हक्क ड्रायव्हरचा.

दुसरं, साडेनऊ तासांचं कलम. ऐकल्यावर वाटतं की साडेनऊ तास झाले की गाडी थांबली, घरी चला. अजिबात नाही! मुळात ज्या ड्रायव्हरनं लेखी मागणी करून यादीत नाव घातलंय, त्यालाच हे संरक्षण. त्यातही आठवड्यातल्या कुठल्याही तीन दिवशी साडेनऊच्या वर काम झालं, तर तक्रार करता येते. दोनच दिवस अकरा-अकरा तास राबवलं, तर हे कलम गप्प. नाव घातलं नाही, तर गप्प. तक्रार केली नाही, तरी गप्पच. म्हणून तिथले ड्रायव्हर 'तीन दिवस' म्हणजे नेमके कुठले, यावर तासन् तास वाद घालतात. हा रिकामटेकडेपणा नाही. त्या दोन शब्दांवर पोराबरोबर रात्रीचं जेवण होणार की नाही हे ठरतं.

शब्द किती महाग पडतात बघा. २०१८ च्या करारात ड्रायव्हरांचा एक नवा वर्ग निर्माण केला गेला. काम तेच, पगार कमी. कलमाच्या नंबरावरून त्यांना '२२.४' म्हणायचे. माणसाला कलमाच्या नंबरानं ओळखायचं! मतदानात जवळपास ५४ टक्के सभासदांनी त्या कराराला 'नाही' म्हटलं. तरी करार लागू झाला. कारण युनियनच्याच घटनेत नियम होता की निम्म्याहून कमी सभासदांनी मतदान केलं, तर करार फेटाळायला दोन तृतीयांश मतं हवीत. मतदान निम्म्यापर्यंत पोचलंच नव्हतं. बहुमत हरलं, नियम जिंकला.

मग कामगार घरी बसले का? २०२१ मध्ये त्यांनी तो नियमच काढून टाकला. २०२३ मध्ये २२.४ चा वर्गही संपवला. त्या करारावर ८६ टक्के सभासदांनी 'हो' म्हटलं.

आता कुणीतरी कमेंटमध्ये गिरणी संप आणणारच. "युनियन आली की धंदा बसतो." दादा, २०२३ मध्ये संप झालाच नाही. ९७ टक्क्यांनी संपाची तयारी दाखवली आणि मुदत संपायच्या आत कंपनी टेबलावर तडजोडीला आली. कंपनीही चालू, गाड्याही चालू.

आता आपल्या दारात या. सकाळी आठला गोडाऊनला पोचलेला मुलगा रात्री नऊला तुमच्या तिसऱ्या मजल्यावर पार्सल घेऊन उभा असतो. आपण त्याला विचारतो, "एवढा उशीर?" त्याचे तास कुणी मोजले, हे विचारत नाही.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस आणि जादा कामाला दुप्पट दर होता. त्याची जागा आता नव्या कामगार संहितेनं घेतलीय. तिच्यातही दुप्पट दर आहे, आणि जादा काम कामगाराच्या संमतीनंच घ्यायचं असंही लिहिलंय. मग ही संमती कुणी, कधी, कशावर घेतली? नेमणूकपत्राच्या चौथ्या पानावर बारीक अक्षरात आधीच छापलेली तर नाही ना?

आणि ॲपवाल्यांची गोष्ट तर त्याहून सोपी. तिथे मुलाला 'कामगार' म्हणतच नाहीत, 'पार्टनर' म्हणतात. किती गोड शब्द! कायद्यात गिग कामगाराला सामाजिक सुरक्षेत जागा आहे, पण मालक-नोकर नातं मानलेलं नाही. नातं नाही, तर आठ तास नाहीत. आठ तास नाहीत, तर ओव्हरटाइम कशाचा? एका शब्दानं घड्याळच काढून घेतलं.

म्हणून ड्रायव्हर बंधूंनो, तीन कामं करा. कागदावर सही करण्याआधी तो वाचा, इंग्रजीत असेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. कामावर आल्याची आणि सुटल्याची वेळ रोज एका वहीत लिहा. आणि एकट्यानं भांडू नका, चार जण मिळून विचारा. कलम कितीही चांगलं असलं, तरी ते आपणहून उठून साहेबाच्या केबिनमध्ये जात नाही. ते हातात घेऊन जाणारी माणसं लागतात.

आणि बाकीच्यांनो, पुढच्या वेळी दारात पार्सल आलं की त्या मुलाला एवढंच विचारा: "आज किती तास झाले रे?"

उत्तर कमेंटमध्ये लिहा. नाव कुणाचंच नको, फक्त तास लिहा.