सरासरीत न मावणारा पाऊस

२६ जुलै २००५ या दिवशी मुंबईवर कोसळलेला पाऊस अनेकांच्या स्मरणात अजूनही ताजा आहे. सांताक्रूझ येथील वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर पडलेले एक लीटर पाणी. या हिशेबाने दहा चौरस मीटरच्या एखाद्या लहानशा खोलीच्या छपरावर त्या एका दिवसात नऊ हजार लीटरहून अधिक पाणी पडले. मात्र त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या वेधशाळेतील पर्जन्यमापकात, त्याच चोवीस तासांत ७५ मिलिमीटर पाऊसही जमला नव्हता. या दोन वेधशाळांमधील अंतर पंचवीस किलोमीटरही नाही. दोन्ही आकड्यांची सरासरी काढली तर ती पाचशेच्या आसपास येते. परंतु पाचशे मिलिमीटर पाऊस सांताक्रूझलाही पडला नव्हता आणि कुलाब्यालाही नाही. गणित अचूक असूनही उत्तर कोणाच्याच उपयोगाचे नसावे, असा हा प्रकार आहे.

हवामानबदलासंबंधी जी चर्चा सर्वत्र चालते, तिच्यात नेमका हाच दोष पुष्कळदा आढळतो. पृथ्वीचे सरासरी तापमान किती अंशांनी वाढले, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु आपल्या जिल्ह्यात, आपल्या नदीच्या खोऱ्यात, आपल्या किनाऱ्यावर काय बदलले आणि पुढे काय बदलण्याचा संभव आहे, हा प्रश्न विचारला की उत्तर देणारे थोडे उरतात. शेतकऱ्याला किंवा नगरपालिकेच्या अभियंत्याला जगाच्या सरासरीवर पेरणी करता येत नाही आणि गटारेही बांधता येत नाहीत.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. भूगोलाच्या पुस्तकात ‘हवा’ आणि ‘हवामान’ हे दोन निराळे शब्द शिकवले जातात. एखाद्या ठिकाणची एखाद्या वेळची वातावरणाची स्थिती म्हणजे हवा. आणि त्या ठिकाणी दीर्घकाळ, साधारणपणे तीस वर्षे, घेतलेल्या नोंदींवरून जी सर्वसाधारण स्थिती ठरते ते हवामान. वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी दोहोंनाही ‘हवामान’च म्हणतात, त्यामुळे एका मुसळधार पावसावरून हवामान बदलले अशी ओरड होते आणि एका थंड आठवड्यावरून ते बदललेच नाही असा निष्कर्षही काढला जातो. बदल झाला की नाही हे ठरवण्यासाठी अनेक दशकांच्या नोंदी, त्या तपासण्याची शिस्त आणि निष्कर्ष जाहीर करण्याचे धैर्य या तीनही गोष्टी लागतात.

जगाच्या पातळीवर हे काम १९८८ मध्ये स्थापन झालेले आंतरसरकारी मंडळ, म्हणजे आयपीसीसी, करीत आले आहे. भारतापुरते असे सविस्तर मूल्यमापन जून २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या वतीने, मुख्यतः पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने, ते सिद्ध झाले. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, असे त्यात नमूद आहे. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात दरवर्षी सुमारे ३.३ मिलिमीटर या वेगाने वाढत होती. त्याआधीच्या सव्वाशे वर्षांच्या मानाने हा वेग बराच अधिक आहे.

परंतु या अहवालातील सर्वांत बोलके आकडे पावसाचे आहेत. १९५१ ते २०१५ या काळात देशातील जून ते सप्टेंबरचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. ही घट विशेषतः गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात दिसून आली. दुसरीकडे, मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. पावसाळ्यातील कोरडे खंडही १९५१ ते १९८० या काळाच्या तुलनेत १९८१ ते २०११ या काळात सुमारे २७ टक्के अधिक वेळा आढळले. पाऊस एकूण थोडा कमी, पण जेव्हा पडतो तेव्हा धो-धो, आणि दोन सरींच्या मध्ये लांबलेली उघडीप, असे हे चित्र आहे.

शेतीवर या चित्राचा परिणाम काय होतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. मृगाच्या पहिल्या सरीवर विसंबून केलेली पेरणी पुढच्या तीन आठवड्यांच्या उघडिपीत करपते आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाणे, पुन्हा खत, पुन्हा कर्ज यांची जुळवाजुळव करावी लागते. एका दिवसात पडलेला दीडशे मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरत नाही. तो वरची माती घेऊन नाल्यातून वाहून जातो. विहिरीला पाझर लागतो तो रिमझिम पावसाचा. वर्षअखेरीस मात्र सरकारी तक्त्यात त्या जिल्ह्यापुढे ‘सरासरीइतका पाऊस’ असा शेरा पडू शकतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गीकरणानुसार जिल्ह्याचा पाऊस सरासरीहून १९ टक्क्यांपर्यंत कमी किंवा अधिक असला तरी तो सर्वसाधारणच समजला जातो. या शेऱ्यात काही खोटेपणा नाही. तथापि ज्याची दोन वेळा पेरणी वाया गेली, त्याला तो शेरा थट्टेसारखा वाटला तर नवल नाही.

शिवाय ‘सरासरी’ ही स्वतः स्थिर वस्तू नाही. १९६१ ते २०१० या वर्षांच्या नोंदींवरून देशाच्या मोसमी पावसाची सरासरी ८८०.६ मिलिमीटर धरली जात असे. १९७१ ते २०२० या वर्षांच्या नोंदी घेतल्यावर २०२२ मध्ये ती ८६८.६ मिलिमीटर झाली. मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या तारखांचेही तसेच. १९०१ ते १९४० या काळातील नोंदींवर बेतलेल्या तारखा तब्बल २०२० पर्यंत वापरात होत्या. त्या वर्षी त्या नव्याने ठरवण्यात आल्या. मुंबईत पाऊस पोहोचण्याची तारीख १० जूनऐवजी ११ जून झाली, म्हणजे जवळपास होती तेथेच राहिली. परंतु परतीची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. वायव्य भारतातून पाऊस परतू लागण्याची तारीख तर १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर ठरली. काढणीला आलेले पीक शेवटच्या पावसात भिजते, ही तक्रार अनेक ठिकाणचे शेतकरी करीत आले आहेत. त्यांचे निरीक्षण सरकारी तक्त्यात उमटायला इतका काळ लागावा, ही गोष्ट खेदाची आहे.

धोरणकर्त्यांच्या दृष्टीने या दिरंगाईची किंमत फार मोठी असते. मुंबईतील पावसाळी पाण्याची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेता येईल अशा बेताने बांधलेली होती. ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी, अशी शिफारस करणारा अहवाल १९९३ मध्येच तयार झाला होता. त्या कामाला खरी गती मिळाली ती २००५ च्या प्रलयानंतर. त्यानंतरच महानगरपालिकेने शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. दोनच वेधशाळांच्या आकड्यांवर एवढे मोठे शहर विसंबून होते, ही उणीव इतक्या जीवितहानीनंतर लक्षात यावी काय? पूल, धरणाचे सांडवे, रस्त्याखालच्या मोऱ्या हे सारे पूर्वीच्या पावसाच्या हिशेबावर बांधलेले असते आणि पुढची पन्नास वर्षे टिकावे अशी अपेक्षा असते. तो हिशेब बदलला असेल तर बांधकामापूर्वी कळायला हवे.

आता प्रश्न उरतो तो विश्वासाचा. शास्त्रज्ञ निश्चित उत्तर देत नाहीत, ‘संभव आहे’, ‘बहुधा’ अशा शब्दांचा आश्रय घेतात, अशी तक्रार मंत्रालयापासून पारापर्यंत ऐकू येते. वस्तुतः हे शब्द पळवाटा नसतात. आयपीसीसीच्या परिभाषेत एखादी गोष्ट ‘संभाव्य’ म्हटली की तिची शक्यता निदान ६६ टक्के असते आणि ‘अतिसंभाव्य’ म्हटली की निदान ९० टक्के. भारताच्या अहवालानेही हा विवेक सोडलेला नाही. २००० ते २०१८ या काळात मोसमी पावसानंतरच्या महिन्यांत उत्तर हिंदी महासागरात अतितीव्र चक्रीवादळे वाढल्याचे तो सांगतो. पण ही वाढ मानवनिर्मित तापमानवाढीमुळेच झाली असे स्पष्टपणे म्हणण्याइतका पुरावा अजून हाती आलेला नाही, हेही तो त्याच दमात सांगतो. मोसमी पाऊस आजवर घटला तरी या शतकाच्या अखेरपर्यंत तो वाढण्याचा संभव आहे, असेही त्यात म्हटले आहे. वरवर पाहता ही विधाने परस्परविरोधी वाटतात. त्यामागचे कारण असे, की कारखाने, वाहने, चुली यांतून हवेत मिसळणारे सूक्ष्म कण सूर्यकिरण अडवतात आणि पाऊस कमी करतात. याउलट कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंनी तापलेली हवा अधिक बाष्प धरून ठेवते. गेल्या काही दशकांत पहिल्या परिणामाने दुसऱ्याला झाकून टाकले. एवढे समजावून सांगितले तर सामान्य वाचकालाही ते उमगते. समजावून न सांगता नुसते आकडे पुढे केले, तर ‘शास्त्रज्ञांनाच काही कळत नाही’ असे म्हणायला तो मोकळा होतो.

चूक लपवल्याने तर विश्वास मुळापासूनच उखडतो. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील, असे विधान आले होते. त्याला भक्कम आधार नव्हता. भारतीय तज्ज्ञांनीही त्यावर आक्षेप घेतला आणि जानेवारी २०१० मध्ये मंडळाने आपली चूक जाहीरपणे मान्य केली. हजारो पानांतील एका विधानाने सगळ्या अहवालावर संशयाची छाया पडली, हे खरे. पण हिमनद्या वितळत नाहीत असा त्याचा अर्थ नव्हता. त्या वितळतच आहेत. चूक कबूल करण्यापूर्वी आक्षेप उडवून लावण्याचा जो प्रयत्न झाला, त्याने अधिक नुकसान केले.

मूल्यमापन स्थानिक असेल आणि लोकांच्या भाषेत पोहोचले तर काय घडू शकते, याचे उदाहरण अहमदाबादने घालून दिले आहे. मे २०१० मध्ये त्या शहराचे तापमान ४६.८ अंशांवर गेले. त्या महिन्यातील मृत्यूंच्या नोंदी पुढे संशोधकांनी तपासल्या, तेव्हा नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे दिसून आले. किती तापमानाला त्या शहरात मृत्यू वाढू लागतात हे पाहून २०१३ मध्ये महानगरपालिकेने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार केला. आगाऊ इशारे, दवाखान्यांतील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, पिण्याच्या पाण्याची सोय आणि गुजरातीतील सूचनापत्रके असे त्याचे साधे स्वरूप होते. पुढे देशातील अनेक शहरांनी तो नमुना स्वीकारला. मात्र एका शहराचा आकडा जसाच्या तसा उचलून दुसऱ्या शहराला लावणे, हीदेखील सरासरीचीच चूक होय. कोकणातील दमट ३७ अंश आणि विदर्भातील कोरडे ४५ अंश यांचे शरीरावरील परिणाम निराळे असतात.

२०२० चा तो भारतीय अहवाल इंग्रजीत आहे आणि शास्त्रज्ञांसाठी लिहिलेला आहे; त्यात गैर काही नाही. गैर आहे ते असे अहवाल प्रसिद्ध झाले की काम संपले, असे मानणे. ज्या नोंदींवर ते उभे असतात, त्या जनतेच्या पैशाने आणि हजारो अनाम निरीक्षकांच्या श्रमाने जमलेल्या असतात. त्यांतून निघालेला निष्कर्ष जिल्ह्याजिल्ह्याच्या मापाने, तेथील भाषेत, ग्रामसभेपुढे वाचता येईल अशा चार पानांत परत येणे, हा लोकांचा हक्क समजला गेला पाहिजे. यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. कृषी विद्यापीठे आहेत, हवामानशास्त्र विभागाची केंद्रे आहेत आणि महाराष्ट्रात तर महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रेही उभी आहेत. केंद्रे उभारणे तुलनेने सोपे. त्यांची निगा राखणे अवघड. पर्जन्यमापकाशेजारी झाड वाढले किंवा भिंत उठली तरी नोंद बिघडते, आणि बिघडलेल्या नोंदीवर उद्याचा निष्कर्ष उभा राहतो. पीकविम्याची भरपाई जेव्हा या नोंदींवर ठरते, तेव्हा तर एका नादुरुस्त यंत्रामुळे एखाद्या कुटुंबाचे वर्ष वाया जाऊ शकते.

देशभरातील पर्जन्यमापकांतील पाणी आजही रोज सकाळी साडेआठ वाजता मोजले जाते. तो आकडा गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला आणि तेथून पुण्या-दिल्लीला जातो. गेल्या पन्नास वर्षांच्या अशा आकड्यांवरून त्या गावच्या पावसाविषयी काय आढळले, किती खात्रीने आढळले आणि काय अजून कळलेले नाही, हे लिहिलेला एक फलक त्याच पर्जन्यमापकाशेजारी उभारायला फार तर एका दिवसाची मजुरी आणि थोडा रंग लागेल.