जुन्या वस्तूंचे नवे बारसे

आलापल्लीजवळ ‘वनवैभव’ नावाचा सुमारे 6 हेक्टरांचा जंगलाचा तुकडा राखून ठेवला आहे. 2014 साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. एका शाळेच्या सहलीबरोबर मी तेथे गेलो होतो. “हे नैसर्गिक जंगल आहे,” असे मी सांगताच नववीतील एका मुलीने विचारले, “सर, जंगल नैसर्गिकच असते ना? मग वेगळे सांगायचे कशाला?”

प्रश्न भाषेचा वाटतो, पण उत्तर तंत्रज्ञानात आहे. 1840 नंतरच्या दशकात केरळातील निलांबूर येथे सागाची पद्धतशीर लागवड सुरू झाली. पुढे हे तंत्र देशभर पसरले. आपल्याकडे 1974 साली स्थापन झालेल्या वन विकास महामंडळानेही सागाची रोपवने लावली. माणसाने ओळीत लावलेल्या झाडांनाही लोक ‘जंगल’ म्हणू लागले. मग जे आधीपासून होते, त्याला ‘नैसर्गिक’ हे विशेषण लावणे भाग पडले.

असे बारसे अनेक वस्तूंचे झाले आहे. यंत्रमाग आला आणि मागाचा हातमाग झाला. तेलाचा घाणा लाकडाचाच असे. लोखंडी यंत्रे आली, आणि आता दुकानावर ‘लाकडी घाणा’ अशी पाटी मुद्दाम लावतात. खेड्यात नुसते ‘गाडी’ म्हटले तरी बैलांचीच गाडी समजत. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली, पुढे मोटारी आल्या, आणि आज ‘गाडी काढ’ म्हटले तर मुलगा मोटारसायकलची किल्ली शोधतो. गाडीवान मात्र अजून बैलांचाच! आगगाडीची गंमत तर आणखी वेगळी. विजेच्या इंजिनात आग उरली नाही, पण नावातून ती विझलेली नाही.

आता मनगटावरचे घड्याळ घ्या. 1969 च्या अखेरीस क्वार्ट्‌झचे मनगटी घड्याळ बाजारात आले. त्यातील स्फटिक आज साधारणपणे सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. तेव्हापासून जुने घड्याळ ‘चावीचे’ ठरले. पुढे आकडे दाखविणारी घड्याळे आली, तेव्हा तेच ‘काट्यांचे’ही झाले. एकाच वस्तूला दोन नावे, पण दोहोंचा अर्थ एक नव्हे. पहिले नाव ऊर्जा कोठून येते ते सांगते, दुसरे वेळ कशी दाखविली जाते ते. क्वार्ट्‌झच्या घड्याळालाही काटे असू शकतात, हे ध्यानात घ्या.

मला राग आहे तो ‘साधा’ या शब्दाचा. साधा फोन, साधे घड्याळ, साधा बल्ब! प्रयोगवहीत ‘साध्या बल्बचा रोध’ असे कोणी लिहिले की मी लाल रेघ ओढतो. टंगस्टनची तार 2500 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायची आणि ती जळू नये म्हणून काचेच्या फुग्यातून हवा काढून घ्यायची, यात साधे ते काय? ‘तंतूचा बल्ब’ म्हणा. मग 90 टक्क्यांहून अधिक ऊर्जा उष्णतेत का जाते, याचा विचार तरी सुरू होईल. ‘साधा’ एवढेच सांगतो की, बोलणाऱ्याच्या घरी नवी वस्तू आली आहे.

आमच्या विषयातही हे घडले आहे. 1925-26 मध्ये पुंज यामिकी उभी राहिली आणि न्यूटनपासूनची यामिकी ‘अभिजात’ झाली. मान मोठा मिळाला खरा, पण विद्यार्थी त्याचा अर्थ ‘बाद झालेली’ असा घेतात. 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रयान-3 चंद्रावर उतरले, ते मुख्यतः याच यामिकीच्या गणितावर.

परतताना रस्त्यालगत सागाचे रोपवन लागले. मी बस थांबवायला सांगितली. विशिष्ट कोनातून पाहिले की स्फटिकातील अणूंप्रमाणे खोडे एका रेषेत येत होती. सगळ्यांचे वय एक, घेरही जवळजवळ सारखा. वनवैभवात मुलांनी ऐन, बिजा, मोह, तेंदू अशी नावे वहीत उतरवून घेतली होती. येथे त्या मुलीने बराच वेळ इकडेतिकडे पाहिले, ‘साग’ एवढेच लिहिले आणि वही मिटली.