सावत्र वाटणीतला देश

कॅनडातल्या आमच्या गावाचं नाव ‘ग्वेल्फ’ म्हणताना पुण्याहून आलेल्या पाहुण्यांची जीभ हमखास अडखळते. जॉन गॉल्टने १८२७ साली हे गाव वसवलं आणि ब्रिटिश राजघराण्याच्या जर्मन मुळाचं नाव दिलं: वेल्फ. याच कुळातल्या हेन्रीला ११५६ मध्ये बव्हेरिया परत मिळाला. ज्याच्या हातून तो गेला, त्या सावत्र बापाची समजूत काढायला त्याच्याकडच्या ऑस्ट्रियाला वेगळी डची (ड्यूकचं राज्य) केलं. म्हणजे भाऊबंदकीच की!

आजचा ऑस्ट्रियन राष्ट्रीय दिन साजरा करतो २६ ऑक्टोबरला, १९५५ च्या तटस्थतेच्या कायद्यासाठी. भाषा जर्मनच, पण बटाट्याला ‘एर्डआप्फेल’ म्हणणार, ‘कार्टोफेल’ जर्मनांचा. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की पहिलं सहसा सुटतं, अगदी आपल्यासारखं. आमचं ओसीआय (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’) कार्ड देव्हाऱ्याखालच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी असतं.